धावेच्या तळातून

सारजाबाई मोटेच्या नाड्यावर बसली त्या दिवशी वस्तीवरच्या बायकांनी तोंडात पदर कोंबले. बाईमाणसानं मोट हाकायची म्हणजे हसणंच की! बांधावरून कुणीतरी म्हातारं ओरडलं, "अगं, विहीर बाटंल!" सारजानं ऐकलं आणि बैलांच्या पाठीवर कासरा आपटला. बाटायची तर बाटू दे. कांद्याचं रोप लावून आठ दिवस झाले होते, वाफे तडकायला लागले होते, आणि मोट हाकायला घरात गडी नव्हता. तिचा गडी येरवड्याच्या तुरुंगात होता. जन्मठेपेवर.

चाकणपासून दोन कोसांवर, भामा नदीच्या काठाला ती वस्ती. तीन घरं, एकच भावकी आणि तिघांत मिळून एक विहीर. दोन दिवस म्हाताऱ्या कोंडीरामचे, दोन भिमाजीचे, दोन चिमाजीचे, आणि सातवा दिवस विहिरीला विसाव्याचा. पण चैत्रात पाणी तळाला गेलं की भलेभले भाऊ एकमेकांना ओळखत नाहीत. भिमाजीनं दोनदा चिमाजीच्या पाळीत अर्धा दिवस मोट ओढली. चिमाजी तापट गडी. भर चावडीवर म्हणाला, "परत माझ्या पान्याला हात लावलास तर मुडदा पाडीन तुझा!" असं आपण सगळेच म्हणतो. दूध सांडलं तर आई पोराला म्हणते. पण चौथ्या दिवशी विहिरीच्या पूर्वेच्या आंब्याखाली भिमाजी खरोखरच मरून पडला आणि त्याच्याशेजारी चिमाजी उभा होता, हातात रक्तानं भरलेली कुऱ्हाड घेऊन.

चिमाजीचं म्हणणं एवढंच होतं, की तो चाकणच्या बाजारातून येत होता, आरडा ऐकून धावला, तर भिमाजी पालथा. पाठीत कुऱ्हाड. "मानसाच्या अंगात कुऱ्हाड तशीच कशी ठिवायची? म्हून उपसली." पुण्याच्या कोर्टात हे कुणाला पटणार? त्यातून कोंडीराम साक्षीला उभा राहिला. सत्तरीचा माळकरी माणूस, उभ्या जन्मात खोटं न बोललेला. त्याची त्या दिवशी पाळी होती, मोट चालू होती. तो म्हणाला, "चिमानं कुऱ्हाड घातली. म्या माझ्या डोळ्यानं पायली." बोलताना म्हातारा रडला. चिमाजी त्याचा सख्खा पुतण्या, त्याच्याच मांडीवर वाढलेला. चुलता रडत रडत सांगतोय म्हटल्यावर कोर्ट आणखी काय बघणार? श्रावणात शिक्षा झाली. खेडच्या उद्धवराव वकिलांनी मुंबईच्या हायकोर्टात अपील टाकलं आणि सारजाला म्हणाले, "आशा सोडू नका, पण धरूही नका." म्हणजे काय करायचं ते काही त्यांनी सांगितलं नाही.

आणि सारजाच्या मनाचं काय? तेच तर तिला खात होतं. नवऱ्याला ती ओळखत होती, पण कोंडीरामआबांनाही ओळखत होती. भाकरी थापता थापता हात थांबायचा. आबा खोटं बोलणार नाहीत. मग?

खुन्याच्या घरी मोटेवर कोण येणार! ठेवलेला गडी पहिल्याच आठवड्यात पळाला, सावडीला, एकमेकांच्या कामाला, येणाऱ्यांनी बैल आजारी असल्याचं सांगितलं. साऱ्या गावाचे बैल एकदम आजारी! शेवटी मार्गशीर्षात सारजानं कासोटा घट्ट खोचला आणि स्वतःच बैल जुंपले.

आता शेतोशेत इंजिनं धडधडतात, मोट कुणी बघितलेली नसते, म्हणून सांगायला लागतं. विहिरीच्या काठापासून खाली उतरत जाणारी, जमिनीत खोदलेली वाट असते, ती धाव. या विहिरीची धाव पश्चिमेला उतरायची. बैल धावेनं खाली उतरले की नाडा, म्हणजे मोटेचा दोर, ताणतो, कातड्याची मोट भरून वर येते आणि काठावरच्या दगडी थारोळ्यात भदाभदा पाणी ओतते. मोट ओतत असते तेव्हा बैल धावेच्या पार तळाला असतात आणि मोटकरी त्यांच्यामागं नाड्यावर बसलेला. मग बैलांची तोंडं तशीच पश्चिमेला ठेवून त्यांना मागं मागं रेटत वर आणायचं, की मोट पुन्हा पाण्यात. उतरणं सोपं. खरं मरण ते मागं रेटताना.

तिच्या दोन बैलांतला हौशा ऐकायचा, पाखऱ्या बेणं मुलखाचं हट्टी. बाईचा आवाज ऐकला की पाय रोवून उभा राही. पहिल्या दिवशी सारजानं कशाबशा तीस मोटा काढल्या. नाड्यानं मांड्या सोलून निघाल्या, तळहातांना टरटरून फोड आले. संध्याकाळी तिला पाण्याचा तांब्या धरवेना, त्यात म्हशीनं धार काढताना लाथ मारली. सारजा तिच्या पोटाशी डोकं लावून ढसाढसा रडली आणि मग उठून शेण भरलं. करते काय!

पंधरा दिवसांनी पाखऱ्यालाही पटलं, की ही बाई जाणार नाही. हातांना घट्टे पडले. सारजा आता तळाला पोचल्यावर नाड्यावर बसल्या बसल्या दोन श्वास घ्यायला शिकली होती. तेवढाच विसावा. समोर पश्चिमेचं आभाळ, दोन्ही बाजूंना धावेची मातीची भिंत, मागं थारोळ्यात पाणी पडल्याचा आवाज.

असंच एका सकाळी ती तळाला बसलेली असताना मागून, आंब्याच्या बाजूनं, फावड्याचे घाव ऐकू आले. धप्, धप्. बैल मागं रेटत ती वर आली, तर पाट फुटलेला. पाणी वाफ्यात जायचं सोडून भलतीकडंच आंब्याखाली पसरलेलं, आणि फुटल्या जागी फावडं घेऊन उभी शालनबाई. भिमाजीची विधवा.

सारजाचं टाळकंच फिरलं. "पाट फोडतीस व्हय अक्का? मानूस गेलं माझं तेवढ्यानं पोट भरलं न्हाई का तुझं?"

"म्या न्हाई फोडला," शालनबाई म्हणाली.

"म्या पायलं की! माझ्या डोळ्यानं पायलं तुला फावडं घालताना!"

"काय पायलंस?" शालनबाईनं फावडं टेकलं. कपाळ मोकळं, ओठ सुकलेले. सारजाशी ती आठ-नऊ महिन्यांनी बोलत होती. "ये हितं. बघ. उंदरानं पोखरलाय पाट, खालनं समदी भोकं. पानी वाया चाललेलं बघवंना म्हून बांधत व्हते. तुझ्यासाठी न्हाई गं बये. पान्यासाठी."

सारजा जवळ गेली. उंदरांची बिळं होती. ताज्या मातीचा बांध निम्मा घातलेला होता, फोडलेला नव्हता. फावड्याचे घाव माती ओढण्याचे होते.

ती शपथ घ्यायला तयार होती! देवाच्या पायावर हात ठेवून सांगितलं असतं, की शालननं पाट फोडला, मी पाहिलं. काय पाहिलं होतं तिनं? आवाज ऐकला होता. वर येऊन हातात फावडं बघितलं होतं. मधलं सगळं तिच्या डोक्यानं आपलं आपण भरलं, आणि इतकं सफाईनं, की आता डोळे मिटले तरी शालनबाईचं फावडं पाटावर पडताना दिसत होतं.

सारजा वळली ती तडक धावेत पळाली. तळाला गेली, नाड्यावर बसल्यासारखी बसली, मान मोडेस्तोवर मागं वळवली. भिंत. विहिरीच्या काठावरचं लाकडी चाक आणि वर आभाळ. आंब्याचा शेंडा तेवढा दिसत होता. बुंधा नाही, शालनबाई नाही, काही नाही.

"अक्का!" ती खालून ओरडली. "हात वर कर!"

"केलाय," आवाज आला.

काहीच दिसलं नाही.

दुसऱ्या दिवशी ती पहाटे निघाली ती पायी खेडला. उद्धवराव वकील नुकतेच चहा घेऊन बसले होते. गोरा, सडपातळ, हळू बोलणारा माणूस, कोटाला शाईचे डाग. सारजानं एका दमात सगळं सांगितलं. त्यांनी दोनदा ऐकलं आणि कपाळाला आठ्या घातल्या.

"म्हणजे बैल तळाला गेले की वळवून वर आणत नाहीत?"

"वळवायला ती गाडी हाय का, सायेब? नाडा गुतंल की चाकात! मागंच रेटायचं."

"हे तुम्ही कुणी मला आधी का सांगितलं नाही?"

सारजा त्यांच्याकडं बघतच राहिली. "तुमी इचारलं न्हाई. आन् मोट कशी चालती ह्ये का सांगायचं असतं?"

उद्धवरावांनी उठून फडताळातून कागदांचा गठ्ठा काढला. बराच वेळ पानं उलटत होते. "बाई, अपील कागदावर चालतं. नवीन साक्ष सहसा घेत नाहीत. कागदात जे आहे तेवढंच." आणि मग त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. पंचनामा. 'धाव विहिरीपासून पश्चिमेस उतरती, तळाशी खोली सात फूट. आंबा विहिरीच्या पूर्वेस.' पुन्हा पानं उलटली. कोंडीरामची उलटतपासणी. त्यांनी मोठ्यानं वाचलं, "'पाणी थारोळ्यात पडत होते तेव्हा मी आरडा ऐकला. मी नाड्यावर बसलो होतो. बैल मागे रेटून वर आलो.'" त्यांनी चष्मा काढला. "हा प्रश्न मीच विचारला होता हो. उत्तर मीच लिहून घेतलं. आणि मला त्याचा अर्थ कळला नाही. जज्जांनाही नाही. आम्ही कुणी मोट बघितलीच नव्हती."

"मग आता सुटंल का मानूस?"

"ते माझ्या हातात नाही. पण एक ऐका. कोंडीरामशी यातला चकार शब्द बोलायचा नाही. साक्षीदार फोडला म्हणून उलटंच अंगावर येईल. कळलं?"

कळलं. पण सोपं का होतं? रोज सकाळी तोंडासमोर तो माणूस. त्याची पाळी, मग शालनबाईची, मग तिची, एकाच विहिरीवर, एकाच धावेत. त्यालाही सगळं सुखाचं नव्हतं. म्हातारा वाळून काटकी झाला होता, हरिपाठाला बसायचा सोडून ओट्यावर भिंतीकडं तोंड करून बसायचा. एकदा सारजाची मोट फाटली. ती काठावर बसून दाभणानं शिवायला लागली, तर दाभण कातड्यात शिरेना. कोंडीराम आला, दाभण तिच्या हातातून घेतलं, कातड्याची वादी ओली केली आणि मोट शिवून दिली. शेवटची गाठ मारताना म्हणाला, "म्या पाप केलंय का गं, सारजे?"

सारजाच्या जिभेच्या टोकावर आलं होतं सगळं. आबा, खाली जाऊन बसा आन् मागं बघा. एवढंच सांगायचं होतं. तिनं पदर दातात धरला आणि बैलांकडं चालू लागली. त्या क्षणी तिला म्हाताऱ्याचा राग आला नाही, त्याची कीव आली, आणि त्या किवेचाच तिला राग आला.

फाल्गुनात तारीख लागली. उद्धवराव तिला घेऊन मुंबईला गेले. दगडी इमारत, उंच जिने, काळ्या डगल्यांची गर्दी. सारजा मागच्या बाकावर अंग चोरून बसली. समोर उंचावर दोन जज्ज, एक तरुण, एक पिकल्या मिशांचे. बोलणं सगळं इंग्रजीत. उद्धवराव मधून मधून तिच्या कानाशी लागून सांगत होते.

मुंबईचे मोठे वकील आपल्या बाजूनं उभे राहिले. धावेची खोली सांगितली, साक्षीदाराचं तोंड पश्चिमेला असल्याचं सांगितलं. तरुण जज्जानं मान हलवली. सारजाचा जीव जरा भांड्यात पडला. मग सरकारी वकील उठले, गालात हसत.

"काय म्हंत्यात?" सारजानं विचारलं.

उद्धवराव कुजबुजले, "म्हणतात, तळाला गेल्यावर बैल वळणारच की. बैल वळले की माणूसही वळला, तोंड पूर्वेला झालं. वर येता येता सगळं समोर दिसणार, त्यात नवल काय."

आपले मोठे वकील गडबडले. जन्म गेला मुंबईत, मोट चित्रातसुद्धा पाहिली नसावी. त्यांनी दोन्ही हात पुढं करून कासरा धरल्यागत केलं, चार पावलं टाकली, आणि जज्जांना समजावून सांगायच्या नादात डगला सावरत गर्रकन वळले. बैल वळल्यासारखे! सरकारी वकिलांनी हात पसरले. झालं की, हेच तर मी म्हणतोय.

सारजा ताडकन उठली. कधी उठली तिचं तिलाच कळलं नाही.

"बैल फिरवत न्हाईत, वकीलसायेब! मागं रेटत्यात!"

चोपदार धावत आला, उद्धवरावांनी तिचा दंड धरून खाली ओढलं. त्यांचा चेहरा चुन्यागत पांढरा पडला होता. सारजाला वाटलं, मेले मी. मीच घालवला त्याला.

पिकल्या मिशांचे जज्ज तिच्याकडं बघत होते. मग स्वच्छ मराठीत म्हणाले, "बाई, खाली बसा. कोर्टात असं बोलायचं नसतं." आणि कागदांवर वाकले. पान उलटलं, पुन्हा उलटलं. त्यांचं बोट ओळीवरून सरकताना तिला मागच्या बाकावरून दिसत होतं. मग त्यांनी सरकारी वकिलांना काहीतरी विचारलं. सरकारी वकिलांचं हसू मावळलं.

"काय? काय झालं?"

उद्धवराव तिच्या कानाशी लागले. "ते म्हणाले, बाईचं ऐकायचं कारण नाही, साक्षीदार स्वतःच म्हणतोय की बैल मागे रेटून वर आलो. तुम्ही वाचलं नाहीत का? म्हणाले, माझ्या वडलांच्या मळ्यात मोट होती, मी लहानपणी नाड्यावर बसलोय."

चार वाजायच्या सुमाराला निकाल सांगितला. साक्षीदार खोटं बोलला नाही, पण जे ऐकलं आणि मागाहून पाहिलं ते त्याच्या मनात एक झालं. घाव कुणी घातला ते त्यानं पाहिलेलं नाही, पाहणं शक्यच नव्हतं. शिक्षा रद्द. उद्धवरावांनी सांगितलं आणि सारजा म्हणाली, "व्हय?" मग पुन्हा, "व्हय?" जिना उतरताना तिला पायऱ्या दिसेनात म्हणून ती मधेच बसली आणि मोठ्यानं हसायला लागली. जाणारे-येणारे बघत होते. बघू देत.

गुढीपाडव्यानंतर तिसऱ्या दिवशी चिमाजी एस.टी.नं चाकणला उतरला. सारजा घ्यायला गेली होती. डोईचे केस भादरलेले, गालांची हाडं वर आलेली, अंगात तुरुंगात जाताना घातलेला सदरा, तो आता लोंबत होता. दोघं दोन कोस चालत आली. तो एवढंच बोलला, "तुझं हात बघू." तिनं दाखवले. त्यानं घट्ट्यांवरून अंगठा फिरवला. मग म्हणाला, "पाखऱ्या ऐकतुया का?"

"तुमच्यापरीस जास्त ऐकतुया माजं," सारजा म्हणाली. चिमाजी हसला. वर्षानं हसला.

विहिरीवर कोंडीरामची पाळी होती. मोट थांबलेली, म्हातारा काठावर बैलांपाशी उभा. निकाल काय लागला ते गावात कळलं होतं, का लागला तेही कळलं होतं. आंब्याजवळ शालनबाई फावडं घेऊन त्याच्या वाफ्यांना पाण्याची दारं धरत होती. तिनं चिमाजीकडं नीट रोखून पाहिलं.

"तू न्हाई मारलंस?"

"न्हाई, वैनी."

"मग कुनी?"

चिमाजीनं मान हलवली. ते आजवर कुणाला कळलेलं नाही. शालनबाईनं पदरानं डोळे पुसले आणि फावडं मारून दुसऱ्या वाफ्याला पाणी सोडलं.

कोंडीराम पुतण्याच्या जवळ आला नाही. वाकून बैलांच्या कानाशी काही बोलला, त्यांना धावेनं खाली उतरवलं आणि तळाला गेल्यावर नाड्यावर बसून राहिला. मागं थारोळ्यात पाणी पडत होतं. मग खालून त्याचा आवाज आला.

"चिमा! आंब्याखाली जा."

चिमाजी गेला. जिथं भिमाजी पडला होता तिथंच जाऊन उभा राहिला.

"हात वर कर."

"केलाय, आबा."

सारजा काठावर उभी होती. तिला दोघंही दिसत होते. म्हातारा मान वळवून बघत होता, डोळे बारीक करून, जुवाला धरून उठत होता, पुन्हा बसत होता.

"केलायस का रं?"

"केलाय, आबा."

पाणी पडायचं थांबलं. मोट रिकामी झाली होती.

"न्हाई दिसत रं, चिमा," म्हातारा म्हणाला. "न्हाई दिसत!" आणि दोन्ही हातांत तोंड धरून लहान मुलासारखा रडायला लागला. चिमाजी आंब्याखालून पळत आला आणि धावेत उतरला. त्यानं म्हाताऱ्याला काखेत धरून उठवलं. नाडा लोंबत होता, बैल खोळंबले होते. सारजानं खाली जाऊन कासरा उचलला आणि हौशा-पाखऱ्याच्या त्या सवयीनं आबांच्या बैलांना हाक घातली. बैल मागं मागं वर येऊ लागले.